वेबसाइटचे पासवर्ड चोरांच्या हाती लागलेत का? असं तपासा

वेबसाइट हॅक झाली की आपण सर्व्हरमधली त्रुटी शोधत बसतो. कित्येकदा मात्र चोर खराखुरा पासवर्ड टाकून, सरळ लॉगिन करून आत आलेला असतो. म्हणून तपासणीची सुरुवात माणसांपासून करा.

आधी यादी करा: अॅडमिन पॅनेल, होस्टिंग, डोमेन, एफटीपी (सर्व्हरवर फायली चढवण्याची सोय), डेटाबेस आणि या सगळ्यांचे रीसेट मेल ज्यावर येतात ते ईमेल खातं. हे शेवटचं हमखास राहून जातं. प्रत्येकापुढे कुणाकुणाला प्रवेश आहे ते लिहा. काम सोडून गेलेल्यांची खाती तिथल्या तिथे बंद करा.

मग सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या, फुटलेल्या डेटात ईमेल पत्ता आहे का ते सांगणाऱ्या साइटवर डोमेन शोधा. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) टीएक्सटी, म्हणजे मजकुराची नोंद टाकून मालकी सिद्ध केली की तुमच्या डोमेनवरचा कोणता ईमेल पत्ता कोणत्या गळतीत आला, ते दिसतं. खासगी ईमेल वापरणारे सहकारी यात दिसणार नाहीत. त्यांना आपापला पत्ता तपासायला सांगा.

आता नीट बघा, कारण इथेच गफलत होते. नाव दुसऱ्या एखाद्या सेवेच्या गळतीत असेल, तर धोका मुख्यतः तोच पासवर्ड तुमच्याकडेही वापरला असेल तेव्हा. पण नाव ‘स्टीलर लॉग’मध्ये, म्हणजे पासवर्डचोर सॉफ्टवेअरनं जमवलेल्या माहितीत असेल, तर बहुधा त्या माणसाच्या मशीनमध्येच रेडलाइन किंवा लुमासारखं पासवर्डचोर मालवेअर शिरलं होतं. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड लॉगिन पानाच्या पत्त्यासकट नेतं आणि कुकीही (ब्राउझरमधली लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) उचलतं. चालू सेशनची, म्हणजे सुरू असलेल्या लॉगिनची कुकी हाती लागली की अनेकदा पासवर्डही लागत नाही, ओटीपीही नाही.

2024 मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड डेटा कंपनीच्या अनेक ग्राहकांचा डेटा अशाच चोरलेल्या पासवर्डनी गेला. मँडियंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या तपासात त्यामागचा सर्वांत जुना मालवेअर-संसर्ग नोव्हेंबर 2020 मधला निघाला. काही पासवर्ड इतकी वर्षं कुणी बदललेच नव्हते.

स्टीलर लॉगमध्ये नाव सापडलं तर क्रम चुकवू नका. संसर्ग झालेल्या मशीनवरून पासवर्ड बदलला, तर नवाही चोराकडे जाईल. आधी ते मशीन नेटवर्कपासून तोडा आणि फॉरमॅट करा. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सगळी सेशन्स बंद करा. वर्डप्रेसमध्ये सॉल्ट की (लॉगिन कुकी सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदलल्या की सगळेच लॉगआउट होतात. त्यानंतर पासवर्ड बदला, एपीआय की (इतर सेवांशी जोडणी करणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदला, द्विस्तरीय पडताळणी लावा. मागच्या काही महिन्यांचे लॉगिन लॉग चाळा आणि अनोळखी अॅडमिन खातं, नवं प्लगइन, बदललेला रीसेट ईमेल शोधा.

चोरलेल्या लॉगच्या फायली टेलिग्रामवरून स्वतः उतरवू नका. त्या चोरीचा माल आहेत, शिवाय त्यांत मालवेअर असू शकतं.

साइटवर ग्राहकांची खाती असतील, तर नवा पासवर्ड घेताना तो ‘पोन्ड पासवर्ड्स’ या, त्याच साइटवरच्या फुटलेल्या पासवर्डांच्या संग्रहाशी ताडून पाहा. तिथे पासवर्ड जात नाही, त्याच्या हॅशची (पासवर्डपासून बनवलेल्या सांकेतिक ओळीची) फक्त पहिली पाच अक्षरं जातात.