मुंबईच्या रस्त्यांवर किती हॉर्सपॉवर पुरे? हिशेब, टेस्ट ड्राइव्ह आणि वापर

दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरची गाडी मुंबईत घेऊन पळवायची कुठे, असा प्रश्न सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास निघतो. उत्तर हिशेबाने काढता येतं, आणि ते ‘काही उपयोग नाही’ इतकं सरळ नाही.

माणसं आणि सामान धरून १,५०० किलो भरणारी गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने चालती ठेवायला चाकांपाशी साधारण २० हॉर्सपॉवर लागतात. दर १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या घाटात तीच गाडी ६० ने चढवायला २६-२७ आणि ८० ने चढवायला ३८-४०. एसी चार-पाच खातो, थोडी ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. म्हणजे एका लयीत घाट चढायला साधी हॅचबॅकही पुरते. इंजिनाचा कस लागतो तो वेग वाढवताना.

शहरात हा फरक जवळजवळ दिसतच नाही. सिग्नल सुटल्यावर एक गाडी ६ सेकंदांत ५० वर पोचते, दुसरी ३ सेकंदांत. दुसरीने कमावला तो दीड सेकंद. एस. व्ही. रोडवर बारा सिग्नल लागले तर १८ सेकंद, तेही पुढे रिक्षा नसेल तर. वांद्रे-वरळी सी लिंक ५.६ किलोमीटरचा, ८० च्या मर्यादेत ४ मिनिटं १२ सेकंद लागतात. १०० ने गेलात तर ५० सेकंद वाचतील आणि एक-दोन हजारांचं ई-चलान मोबाइलवर येईल. शहरात वेळ वाचवायला पॉवर घेत असाल तर पैसे पाण्यात.

खरा उपयोग दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना होतो. मुरबाडच्या पुढे माळशेजकडे निघालात किंवा कोकणात महामार्ग सोडून आत वळलात, की ४० ने चाललेला ट्रक पुढे असतोच. मागचं-पुढचं अंतर धरून तो ओलांडायला त्याच्यापेक्षा ४० मीटर जास्त कापावे लागतात. समोरून ६० ने गाडी येतेय असं धरा. तुमची गाडी ४० वरून ८० वर १० सेकंदांत जात असेल, तर ओव्हरटेकला साडेआठ सेकंद लागतात आणि सुरुवातीला समोर सुमारे २७५ मीटर रस्ता मोकळा हवा. ६ सेकंदांत जात असेल तर सव्वादोनशे मीटर. ३ सेकंदांत जाणाऱ्या गाडीला १८० पुरतात.

४० ते ८० ची वेळ १० सेकंदांवरून ६ वर यायला सरासरी २५ हॉर्सपॉवर जास्त लावावे लागतात आणि ५० मीटर मिळतात. ६ वरून ३ वर यायला आणखी ६० च्या वर लावा, मिळतात ४० मीटर. पहिली उडी पैसे वसूल करणारी आहे. दुसरी हौस आहे. हौसेला ना नाही, पण तिला सेफ्टी म्हणू नये.

आता आपल्या गाडीचं गणित. ब्रोशरमधली हॉर्सपॉवर घ्या. रिकाम्या गाडीच्या वजनात चार माणसं आणि सामानाचे ३३० किलो मिळवा, टनात मांडा आणि भागाकार करा. ९० हॉर्सपॉवर आणि ९२० किलोची हॅचबॅक: ९० भागिले १.२५, म्हणजे टनाला ७२. ११५ हॉर्सपॉवरची १,२०० किलोची टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी) सेडान: ७५. म्हणजे आकडा २५ ने मोठा असूनही भरल्या गाडीत दोघी जवळपास सारख्याच. ५५ च्या खाली असाल तर प्रत्येक ओव्हरटेक आधी ठरवून करावा लागेल. ६० ते ९० मध्ये मुंबई, लोणावळा, कोकण सगळं निभतं. १०० च्या वर गेल्यावर रोजच्या वापरात जाणवेल असं फार थोडं उरतं.

सीएनजीवाल्यांनी हा हिशेब वेगळा करावा. सीएनजीवर इंजिनाची ताकद दहा-पंधरा टक्के घटते आणि टाकीचं वजन वाढतं, त्यामुळे ७२ चे साठाच्या खाली येतात. एक्सप्रेसवेवर खालापूर टोलपाशीच पेट्रोलवर या. चढावर दम तुटल्यावर बटण दाबण्यात अर्थ नाही.

टनामागचा आकडा सारखा असला तरी गाड्या सारख्या चालत नाहीत, कारण ट्रॅफिकमध्ये इंजिन १,५०० ते ३,००० आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे) असतं आणि ब्रोशरमधली पॉवर ५,५००-६,००० वर मोजलेली असते. म्हणून टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची, एनएममध्ये दिलेली) ओळ वाचा आणि त्यातही पुढचा आरपीएम वाचा. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११०-११५ एनएम देतं, पण ४,००० च्या पुढे. १ लिटरचं टर्बो १७०-१८० एनएम देतं आणि १,७५० च्या आसपासच देतं. घाटमाथ्यावर हवा विरळ होते तेव्हाही टर्बो बराचसा तग धरतो. साध्या इंजिनाची ताकद दर १०० मीटर उंचीला सुमारे एक टक्का घटते, म्हणजे लोणावळ्याला सहा, महाबळेश्वरला तेरा टक्के. टर्बोची खोट एकच: १,५०० च्या खाली तो झोपलेला असतो. दुसऱ्या गिअरवर रेंगाळत चढ आला की गाडी आधी आचके देते आणि मग एकदम उसळते.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. चार मोठी माणसं बसवा, एसी पूर्ण लावा. पहिली परीक्षा पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर: मध्येच थांबा, ब्रेक सोडा, निघा. गाडी मागे किती घरंगळते, ऑटोमॅटिक असेल तर निघताना किती विचार करते, हाफ क्लचचा वास येतो का, सगळं दोन मिनिटांत कळतं. दुसरी परीक्षा सकाळी सहाच्या सुमारास कोस्टल रोडवर. तिथे वळणांवर ४०, सरळ पट्ट्यात ८० आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे, त्यामुळे हाजी अलीच्या इंटरचेंजवरून वर येऊन मुख्य मार्गाला लागताना ४० ते ८० ची वेळ कायदा न मोडता घेता येते. मोबाइलवरचं स्टॉपवॉच मागे बसलेल्याच्या हातात. मॅन्युअल असेल तर एकदा तिसऱ्या गिअरवर आणि एकदा चौथ्यावर घ्या. चौथ्यावरच ७-८ सेकंदांत होत असेल तर याहून मोठं इंजिन शोधत बसू नका. सेल्समन शून्य ते शंभरचा आकडा सांगेल. त्याला सांगू द्या.

ताकदवान गाडी घेतलीच, तर मुंबई तिला कुठे पकडते ते आधी माहीत असावं. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला, विशेषतः कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या क्लचच्या, साकीनाक्याची रांगती गर्दी मानवत नाही. पायापायाने पुढे सरकताना क्लच अर्धवट लागून घासत राहतो, तापतो, आणि डॅशबोर्डवर वॉर्निंग येते. उपाय साधा: पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच ब्रेक सोडून पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक धरा. त्या मोकळ्या जागेत रिक्षा घुसेल. घुसू द्या, क्लच किट महाग पडतं.

दुसरं म्हणजे टायर. २०५/५५ आर १६ च्या (शेवटचा आकडा रिमचा, इंचांत) टायरची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर असते, २२५/४० आर १८ ची फक्त ९०. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची कड तेवढ्या भिंतीला झेपत नाही; रिम वाकते नाहीतर टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. एकाच मॉडेलमध्ये दोन साइझ मिळत असतील तर लहान रिम घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगल्या प्रतीचे टायर टाका. पावसात गाडी थांबवायला तेच कामी येतात: कोरड्या रस्त्यावरसुद्धा ८० वरून थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचे २२ मीटर वेगळे.

इंजिन ऑइल, गाडीच्या कंपनीने दिलेल्या १०,००० किलोमीटरची वाट न बघता, सात-आठ हजारांवर बदला. मुंबईत इंजिन किलोमीटर कमी आणि तास जास्त चालतं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, नाहीतर जड आणि वेगवान गाडीचे ब्रेक खाली पोचेपर्यंत तापून बसतात. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक) घाटात सारखी गिअर बदलत गोंधळते. तिला मॅन्युअल मोडला टाका.

आणि बसक्या स्पोर्टी गाड्यांचा एअर इनटेक (इंजिन हवा ओढतं ते तोंड) किती उंचीवर आहे ते बॉनेट उघडून बघून ठेवा. मिलन किंवा अंधेरी सबवेत पाणी भरलं असेल तर पुलावरून वळसा घ्या. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बंद गाडीचं बिल उघडलेल्या इंजिनाचं होतं. न्यूट्रलला टाका, ढकलून बाहेर काढा आणि टो व्हॅन बोलवा.