काचबिंदूचा ओसीटी: स्कॅन काढताना आणि रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

परवा एक काका आले, हातात जाडजूड फाइल. चार वर्षांचे ओसीटी रिपोर्ट (ओसीटी म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा काढलेला स्कॅन) तारखेनुसार लावलेले, वर लॅमिनेशनसुद्धा केलेलं, बघून बरं वाटलं. उघडली तर सगळे झेरॉक्स, काळेपांढरे! हिरवं, पिवळं, लाल सगळं एकाच राखाडी रंगात. "ओरिजिनल इन्शुरन्सला दिले हो मॅडम." आकडे वाचता आले म्हणून निभावलं, पण नकाशावर नेमकं कुठे पातळ झालंय ते काही केल्या कळेना. तेव्हा पहिली गोष्ट, रंगीत प्रिंट स्वतःकडे ठेवा, नाहीतर सेंटरवाल्यांकडून पीडीएफ मागून घ्या, व्हॉट्सॲपवरचा तिरका फोटो नको.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज मशीनवर बसून हेच काम, त्यामुळे लोकांच्या चुका दिसतात आणि आमच्याही.

सगळ्यात मोठा घोळ रंगांचा. मशीन काय करतं, तर डोळ्याची नस पडद्यात जिथे शिरते त्या डिस्कभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ धरतं आणि त्यावर नसेच्या तंतूंचा थर किती जाड आहे ते मायक्रॉनमधे मोजतं. त्यालाच आम्ही आरएनएफएल म्हणतो. मग तो आकडा तुमच्या वयाच्या निरोगी लोकांशी ताडून बघतं. निरोगी लोकांतल्या सगळ्यात पातळ ५ टक्क्यांत आलात की पिवळा, १ टक्क्यात आलात की लाल. आता हे नीट वाचा, निरोगी लोकांतल्या. म्हणजे ज्याला काहीही झालेलं नाही अशा माणसालाही लाल येऊ शकतो, आणि येतो. मायनस ७, मायनस ८ चा चष्मा असलेली पोरं रिपोर्ट घेऊन रडकुंडीला येतात. त्यांचा डोळा लांबट असतो, थर ताणलेला असतो आणि त्याचे जाड पट्टे नेहमीच्या जागेवरून कानाच्या बाजूला सरकलेले असतात, मशीन बिचारं जुन्याच जागी शोधतं आणि तिथे सापडलं नाही की लाल करून मोकळं होतं. त्याला आमच्यात रेड डिसीज म्हणतात, आजार कागदाला झालेला असतो.

उलटं प्रकरण जास्त धोक्याचं. समजा एखाद्याचा थर मुळातच १०८ मायक्रॉन होता, तीन वर्षांत ९३ झाला. पंधरा मायक्रॉन गेले, पण ९३ अजून हिरव्यातच, त्यामुळे माणूस खुश आणि रिपोर्ट कपाटात. वयामुळे वर्षाला साधारण अर्धा मायक्रॉन जातो, त्या हिशोबात पंधरा म्हणजे फार झाले. शिवाय ॲव्हरेजचा आकडा लबाड असतो. काचबिंदू बहुतेकदा खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून सुरू होतो, घड्याळाच्या भाषेत उजव्या डोळ्यात ७ वाजता आणि डाव्यात ५ वाजता. तिथे खाच पडलेली असली तरी बाकी सगळीकडे भरपूर थर असेल तर ॲव्हरेज हिरवंच दिसतं.

पण त्याच्या उलट दोन मायक्रॉन कमी झाले म्हणून रात्रभर जागू नका. त्याच माणसाचा त्याच दिवशी दोनदा स्कॅन काढला तरी चार-पाच मायक्रॉन इकडे तिकडे होतात.

आता स्कॅनच्या चुका. रिपोर्टवर सिग्नल स्ट्रेंथ लिहिलेली असते, काही मशीनवर दहापैकी. सहाच्या खाली असेल तर त्या रिपोर्टवरून काही ठरवू नये, कारण सिग्नल पडला की थर आहे त्यापेक्षा पातळ दिसतो. कोरडा डोळा हे त्याचं सगळ्यात सोपं कारण. आधी फील्ड टेस्टला, म्हणजे दिवा दिसला की बटण दाबायच्या नजरेच्या टेस्टला, वीस मिनिटं न मिचकवता बसवलेलं असतं आणि तिथून थेट माझ्याकडे, मग सिग्नल कुठून येणार. मी अशा वेळी अश्रूंचे थेंब टाकते, चार-पाच वेळा डोळे मिटायला लावते आणि मग काढते, चारचा सात होतो. मोतीबिंदू पिकलेला असेल तर मात्र थेंबांनी काही होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आकडा एकदम वाढलेला दिसतो, लोकांना वाटतं नस सुधारली! नस परत येत नाही हो, फक्त काच पुसली गेली. ऑपरेशननंतर नवीन बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेसाठीचा पहिला स्कॅन, काढून तिथून पुढे मोजायचं.

रिपोर्टमधे दोन डोंगरांसारखा एक ग्राफ असतो. त्याची रेष मधेच शून्यावर आदळलेली दिसली तर तो आजार नाही, तिथे मशीनची रेष चुकलीय किंवा पापणी मिटली. शून्य होऊच शकत नाही, कारण सगळे तंतू गेले तरी रक्तवाहिन्या आणि आधाराचा भाग मिळून पन्नासच्या आसपास राहतं. याच्यातूनच आणखी एक गैरसमज: वाढलेल्या काचबिंदूत आकडा ५२, ५१, ५२ असा येत राहतो आणि घरचे म्हणतात आजार थांबला. थांबला असेल किंवा नसेलही, पण आकडा तळाला टेकलाय, त्याच्याखाली जायला जागाच नाही. तिथून पुढे फील्ड टेस्ट, तीच ती बटण दाबायची, आणि मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, स्कॅन यांच्यावर भिस्त. फील्ड टेस्ट कंटाळवाणी असते हे मान्य, पण टाळू नका.

आता माझी स्वतःची चूक सांगते. एका काकूंचं नाव मी स्पेलिंग बदलून नवीन पेशंट म्हणून टाकलं, आधीचं रेकॉर्ड वेगळ्या स्पेलिंगखाली पडलेलं. मशीनला वाटलं ह्या पहिल्यांदाच आल्यात, त्यामुळे जुन्या स्कॅनशी तुलना झालीच नाही आणि डॉक्टरांसमोर एकटा रिपोर्ट गेला. काकूंनीच विचारलं, "मागच्या वेळी खाली उतरती रेघ होती, ती कुठंय?" मग शोधाशोध. वयाचंही तसंच, रंग वयावरून ठरतात, सत्तरच्या माणसाला पन्नासचा टाकला तर उगाच पिवळा येऊ शकतो. आपल्याकडे जुन्या लोकांची जन्मतारीख सर्रास १ जून असते, एखाद-दुसऱ्या वर्षाने बिघडत नाही, पण दहाचा फरक असेल तर आधी सांगा.

दरवर्षी वेगळ्या सेंटरला जाऊन स्वस्तात टेस्ट करायची सवय असेल तर जरा थांबा. एका कंपनीच्या मशीनचे मायक्रॉन दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावता येत नाहीत, दोघं थराच्या कडा वेगवेगळ्या ठिकाणी धरतात. एकावर ८८ आणि दुसऱ्यावर ९६ आलं म्हणजे आठ वाढले असं नसतं. बदलायचंच असेल तर नवीन मशीनवर दोन स्कॅन काढून घ्या आणि तिथून हिशोब सुरू करा.

ओसीटी आहे मग साधा फोटो कशाला, असं बरेच जण विचारतात. डिस्कच्या कडेला कधीकधी बारीक रक्ताची रेघ दिसते, काचबिंदू वाढत असल्याची ती महत्त्वाची खूण, आणि ती ओसीटीत सहसा सुटते. रंगीत फोटोत किंवा डॉक्टरांच्या तपासणीतच सापडते, काही आठवड्यांत-महिन्यांत विरूनही जाते. कॅम्पमधे फोटो काढून "कप मोठा आहे" (कप म्हणजे डिस्कच्या मधला खळगा) असं सांगितलं असेल तर घाबरू नका आणि सोडूनही देऊ नका, काहींची डिस्कच मोठी असते म्हणून कप मोठा दिसतो. शिवाय पडद्याचा कुठलाही स्कॅन डोळ्याचं प्रेशर सांगत नाही, डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची जागा, बंद आहे की उघडा तेही नाही. कोन बघायला डॉक्टर डोळ्याला काच लावून गोनिओस्कोपी करतात.

आणि टेस्ट आहे म्हणून सकाळचे थेंब न टाकता येणारे रोज एक-दोन असतातच. "रक्ताच्या टेस्टसारखं उपाशी यायचं असेल ना?" नाही हो. थेंब टाकून या, कधी टाकले ते सांगा, बाटलीही सोबत आणा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर जाताना गाडी चालवायला दुसरं कुणीतरी हवं, तीन-चार तास जवळचं काही धड दिसत नाही.