शनिवारी रात्री विंडोज ११ चढवण्याआधी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ऑफिसातल्या उरलेल्या पीसींवर विंडोज ११ चढवण्याचं काम आता ढकलण्यात अर्थ नाही. ज्या सर्व्हरवरून ती सगळ्यांवर चढवायची, त्याला हात लावण्याआधी मशिनांची यादी करा. खरेदीचं रजिस्टर समोर ठेवून नव्हे, मजल्यावर फिरून. मॉडेल, रॅम, टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप चालू आहे का (बऱ्याचदा असते, नुसती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते), बूट यूईएफआय या नव्या पद्धतीने होतं की जुन्या लेगसीने. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, ते सरळ बाजूला काढा, त्यांचा खरेदीचा प्रस्ताव वेगळा.

इमेज म्हणजे एका तयार पीसीची नक्कल, जी बाकीच्यांवर उतरवायची. तिच्यात ओएस, अपडेट आणि ऑफिस एवढंच पुरे, बाकी नंतर स्क्रिप्टने. सिसप्रेप या विंडोजच्याच टूलने जनरलाइझ केल्याशिवाय, म्हणजे त्या एका मशीनच्या खुणा पुसल्याशिवाय, इमेज घेऊ नका. मशीनचं नाव १५ अक्षरांत बसवा. नेटवर्क आणि डिस्कचे ड्रायव्हर विनपीईतच, म्हणजे इमेज उतरवताना चालणाऱ्या छोट्या विंडोजमध्येच, घाला. नाहीतर पीएक्सईने (नेटवर्कवरून) लॅपटॉप उठतो आणि ‘डिस्क नाही’ म्हणून अडून बसतो. व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चालू असलेल्या इंटेल मॉडेलांवर हे हमखास होतं.

आता मराठीचं. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड इमेजमध्येच हवा. जुनी परिपत्रकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसला तर फाइल उघडते, पण अक्षरं भलतीच दिसतात. आस्थापना विभागाकडून असे फॉन्ट आधीच मागून घ्या.

फोर्टच्या ऑफिसातून ठाण्याच्या शाखेला इमेज पाठवणार असाल तर गणित मांडा. ५ जीबीची इमेज ५० एमबीपीएसच्या लाइनवर एका पीसीला किमान १३ मिनिटं खाते. ४० पीसी म्हणजे जवळजवळ नऊ तास, तेही लाइन पूर्ण मोकळी मिळाली तर. इमेज दोन दिवस आधी तिथल्या सर्व्हरवर उतरवून ठेवा.

बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) बंद केलेल्या डिस्क उघडायच्या रिकव्हरी की कुठे साठवल्यात ते बघा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलींचा बॅकअप तुम्हीच घ्या, ‘सगळं सर्व्हरवर आहे’ यावर विसंबू नका. प्रत्येक मॉडेलचा एकेक पीसी आदल्या आठवड्यात करून बघा, आणि तो हिशेब विभागातल्या माणसाला द्या. प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन चालतोय का, हे त्याच्याइतकं लवकर कुणी सांगणार नाही.

वॉचमनसाठी रात्रीच्या परवानगीचं पत्र शुक्रवारीच काढा. रविवारी मेगाब्लॉक कोणत्या लाइनवर आहे ते बघून माणसं नेमा. कल्याणच्या मुलाला सकाळच्या पाळीला बोलवायचं असेल तर हे आधी बघितलेलं बरं.