काकांच्या रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ होतं, आणि पेढे आले होते

रत्नागिरीच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. बायोप्सीच्या तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक करणं, पातळ काप काढणं, रंगवणं हे माझं रोजचं काम. मे महिन्यात गुहागरहून चुलतभावाने काकांच्या प्रोस्टेट बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, “पी६३ निगेटिव्ह. सुटलो बाबा!” पेढे आणून झाले होते. पण निदानाच्या ओळीत कर्करोग लिहिलेला होता.

म्हणून सांगते, रिपोर्ट वाचताना आधी निदानाची ओळ बघा. तिथे ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ असेल तर तो कर्करोगच. मार्करकडे, म्हणजे पी६३ सारख्या ठरावीक पेशी रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांकडे, नंतर वळा.

पी६३ समजायला आपली वाडीच डोळ्यांसमोर आणा. निरोगी ग्रंथीभोवती बेसल पेशींचा थर असतो, वाडीभोवती दगडांचा गडगा असावा तसा. पी६३ आणि हाय मॉलिक्युलर वेट केराटिन हे मार्कर या थराला रंगवतात, आणि स्लाइडवर ग्रंथीभोवती तपकिरी कडं उमटतं. कर्करोगात हा थरच नाहीसा होतो. गडगा गेला की रंग कशाला बसणार? इथलं ‘निगेटिव्ह’ कर्करोगाच्या बाजूचा पुरावा असतं. एएमएसीआर या दुसऱ्या मार्करचं उलट, ते कर्करोगाच्या पेशींत सहसा पॉझिटिव्ह येतं. पण कर्करोगाआधीच्या बदलांतही ते दिसतं, आणि काही निरोगी ग्रंथींचं कडंही तुटक असतं. म्हणून पॅथॉलॉजिस्ट एकट्या मार्करवर निकाल देत नाहीत, साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडशी ताडून बघतात.

ग्रेडही, म्हणजे ग्रंथींची रचना किती बिघडली आहे याचा आकडा, त्याच साध्या स्लाइडवर ठरते, मार्करवर नाही. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. ग्रंथी सुट्या सुट्या असतील तर ३, एकमेकींत मिसळलेल्या किंवा चाळणीसारख्या असतील तर ४, ग्रंथीचा आकारच उरला नसेल तर ५. रिपोर्टात असे दोन आकडे बेरजेसारखे लिहितात, पहिला आकडा सर्वात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा. त्यामुळे ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी ग्रेड ग्रुप, म्हणजे १ ते ५ अशी सोपी श्रेणी, ३+४ चा २ आणि ४+३ चा ३. नुसतं “सात आहे” सांगणाऱ्याला मी हमखास विचारते, कुठले सात? ६ किंवा कमी म्हणजे ग्रुप १, ८ म्हणजे ४, ९-१० म्हणजे ५.

केआय-६७, पीटीईएन ही मार्करची नावं दिसली तर ती आजार किती आक्रमक आहे याचा अंदाज घ्यायला असतात. त्यांचा अर्थ तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. आणि पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी वेगळी, तिच्यावरून ग्रेड कळत नाही.

दुसरं मत घ्यायचं तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, त्यांवरचे नंबर रिपोर्टाशी जुळवा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. काकांचे ब्लॉक भावाने मांडवी एक्स्प्रेसने मुंबईत परळला दुसऱ्या मतासाठी नेले, काकूच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात, कापसात गुंडाळून. तिथेही पहिल्या रिपोर्टासारखं ३+४ च आलं.