पासपोर्ट कोरा आला, तरी व्हिसा आहे

ऑगस्ट उजाडला की मला ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलांचे एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "ताई, पासपोर्ट परत आला, पण आत काहीच नाहीये." मागून आईचा आवाज येतो, "नीट बघ, पानं चिकटली असतील." पानं चिकटलेली नसतात. ब्रिटनने १५ जुलै २०२५पासून बहुतेक विद्यार्थ्यांच्या पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लावणंच बंद केलं आहे. व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल आला असेल तर व्हिसा मिळाला आहे, फक्त तो सरकारी नोंदीत आहे. त्यालाच ई-व्हिसा म्हणतात.

मी २०१६ साली लीड्सला आले तेव्हा पासपोर्टवर ३० दिवसांचं स्टिकर असायचं आणि उतरल्यावर १० दिवसांत पोस्टातून बीआरपी नावाचं, म्हणजे राहण्याच्या परवानगीचं, कार्ड घ्यावं लागायचं. ते कार्ड मी इतकी वर्षं पाकिटात देवाच्या फोटोमागे जपलं. पुढे कायमस्वरूपी राहण्याची परवानगी मिळाली, नवीन कार्ड आलं आणि त्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२४! आमच्या ग्रुपवर आठवडाभर नुसता गोंधळ. खरं तर मुदत संपत होती ती कार्डाची, परवानगीची नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२४पासून नवीन कार्डं बंदच झाली. तसं ते कार्ड त्याआधीच अर्धं निकामी झालं होतं, कारण ६ एप्रिल २०२२पासून नोकरीसाठी कार्ड दाखवून भागत नव्हतं, ऑनलाइन काढलेला शेअर कोडच (त्याबद्दल पुढे सांगते) द्यावा लागत होता.

कार्ड हरवलं की लगेच कळायचं. ई-व्हिसा हरवत नाही, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट हरवू शकते, आणि ते कळतं नेमकं घरमालक समोर उभा असताना. म्हणून माझा सगळा जोर त्या वाटेवर आहे.

वाट म्हणजे यूकेव्हीआय अकाउंट, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याच्या साइटवरचं तुमचं अकाउंट. पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख टाकायची, मग ईमेलवर किंवा फोनवर एक कोड येतो, तो टाकला की आत. अकाउंट काढायला एक पैसाही लागत नाही. कुणी "ई-व्हिसा फी" मागत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय. आता प्रश्न असा की तो कोड कुणाच्या ईमेलवर येतो? मागच्या वर्षी एक मुलगा इथे पोचल्यावर रडकुंडीला आला होता. गावाकडच्या एजंटने सगळा अर्ज भरला, अकाउंटही काढून दिलं, पण स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा नंबर टाकून. एजंट फोन उचलेना. विद्यापीठात नाव नोंदवायला ई-व्हिसा दाखवायचा होता आणि कोड जात होता तिकडे. शेवटी अकाउंट परत मिळवण्याचा अर्ज करून सुटला, पण त्यात दिवस गेले. एजंटकडून अर्ज भरून घ्या, हरकत नाही. ईमेल मात्र तुमचाच हवा, आणि तोही विद्यापीठाने दिलेला नको. पदवी झाली की तो बंद होतो. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही: मी ऑफिसचा ईमेल दिला होता, नोकरी बदलली आणि स्वतःच्याच अकाउंटबाहेर राहिले.

फोनचंही तेच. भारतातलं सिम घेऊन येता, महिन्याभरात इथलं घेता, मग रिचार्ज कशाला म्हणून जुनं सोडून देता. सोडण्याआधी अकाउंटमध्ये नवीन नंबर टाका. पाच मिनिटांचं काम आहे. ईमेल आणि फोन दोन्ही एकदम हातचे गेले तर मात्र डोक्याला ताप होतो.

अकाउंट उघडलं की आधी नाव वाचा, अक्षर न् अक्षर. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढेच वडिलांचं नाव असतं, कुणाचा आडनावाचा रकाना मोकळा असतो, कुणाचं नाव लग्नानंतर बदललेलं असतं. घोळ होतो तो इथेच. मग जन्मतारीख, फोटो, व्हिसाचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत आणि कामाच्या अटी. चूक दिसली तर ई-व्हिसातली चूक कळवायचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो विमानात बसायच्या आधीच भरा. फोटो वाईट आलाय ही चूक धरत नाहीत. आम्हा सगळ्यांचाच वाईट आलाय.

सुरुवातीच्या तारखेकडे विशेष लक्ष द्या. अभ्यासक्रम ६ महिन्यांपेक्षा मोठा असेल तर तो सुरू होण्याच्या जास्तीत जास्त एक महिना आधी येता येतं. पण व्हिसाच सुरू झाला नसेल तर स्वस्त तिकिटाच्या मोहाने दोन दिवस आधीचं विमान पकडू नका.

विमानतळावर काउंटरवरचा माणूस पासपोर्ट उलटसुलट करणार हे गृहीत धरा. बऱ्याचदा विमान कंपनीला तुमची परवानगी तिच्या यंत्रणेत दिसते, पण दिसली नाही तर शेअर कोड तयार हवा. अकाउंटमधून हा ९ अक्षरांचा कोड काढता येतो, तो ९० दिवस चालतो. समोरचा माणूस तुमच्या जन्मतारखेसोबत तो टाकतो आणि त्याला तुमची नोंद दिसते. मी सगळ्यांना सांगते, मंजुरीच्या ईमेलची प्रिंटही जवळ ठेवा. कायद्याने तो पुरावा नाही आणि स्क्रीनशॉटही नाही, पण हातात कागद दिसला की काउंटरवरचा माणूस निवांत होतो. बोर्डिंग पास मात्र फेकू नका. तुम्ही देशात कधी आलात याचा पुरावा म्हणून विद्यापीठं तो मागतात.

शेअर कोड तीन कामांसाठी वेगवेगळा निघतो. नोकरीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, घरभाड्याचा आरने, बाकी सगळ्याचा एसने. विद्यापीठ आणि बँक बहुधा एसवाला मागतात. चुकीचा दिला तर समोरच्याच्या स्क्रीनवर उमटतच नाही, आणि तो तुमच्याकडेच संशयाने बघतो. घरभाड्यासाठीची ही तपासणी फक्त इंग्लंडमध्ये आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला किंवा वेल्समधल्या कार्डिफला जाणाऱ्यांना ती भानगड नाही. विद्यापीठाच्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात, राहणार असाल तरी सहसा लागत नाही. जीपीकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला तर व्हिसा दाखवायची गरजच नाही. आल्याच्या आठवड्यात नोंदवून टाका. विद्यार्थी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरून येतात, मग आजारी पडायची वाट कशाला बघायची?

कुणालाही फक्त शेअर कोड आणि जन्मतारीख द्यायची. "मला लॉगिनच दे, मी बघून घेतो" म्हणणारा घरमालक असो की नात्यातला दादा, द्यायचं नाही.

नोकरीबद्दल थोडं कडक बोलते. पदवी किंवा मास्टर्सवाल्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि आठवडा मोजतात सोमवार ते रविवार. एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ असं सरासरी काढून चालत नाही. मास्टर्सचा उन्हाळा ही बहुतेक ठिकाणी सुट्टी धरत नाहीत, प्रबंध चालू असतो. आणि अ‍ॅपवरची डिलिव्हरी हा स्वतःचा धंदा धरला जातो, तो विद्यार्थी व्हिसावर चालतच नाही. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन करणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. "कोडबिड नको, रोख देतो" म्हणणारा मालकही टाळा. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे पगारातून कर कापताना लागणारा सरकारी नंबर, यायला वेळ लागला तरी डब्ल्यूवाला कोड देऊन काम सुरू करता येतं, त्यासाठी थांबायला नको.

राहता राहिला पासपोर्ट. ई-व्हिसा तुमच्या पासपोर्ट नंबराला बांधलेला असतो, आणि आपला पासपोर्ट नवीन झाला की नंबर बदलतो. इथे असताना मुदत संपली, किंवा पासपोर्ट हरवून दुसरा काढला, तर तो हातात आल्या दिवशी अकाउंटमध्ये जोडायला टाका. बदल मान्य होईपर्यंत लॉगिनला जुनाच नंबर चालतो, म्हणून जुन्या पासपोर्टचा फोटो काढून ठेवा. बदल लगेच होईलच असं नाही. त्यामुळे पासपोर्ट नवीन करून त्याच आठवड्यात बहिणीच्या लग्नाला जायचं ठरवत असाल, तर जाताना कुणी अडवणार नाही. अडचण परतीच्या काउंटरवर येईल. नवीन पासपोर्ट अकाउंटमध्ये दिसू लागला की मग तिकीट काढा.