भेगाळलेला, खचलेला कोबा: आधी काय बघावं, मग कसं दुरुस्त करावं

अंगणात, पायवाटेवर किंवा पार्किंगमध्ये काँक्रीटला भेग पडली की बहुतेक जण लगेच घमेल्यात सिमेंट-वाळू कालवतात, थापीने भेगेत दाबतात आणि हात धुतात. वर्षभरात भेग त्याच जागी परत दिसते, कधी कधी शेजारी आणखी एक बारीक रेघ घेऊन. दोष मालाचा क्वचितच असतो. ही भेग अजून हलते आहे का, आणि कोब्याखाली पाणी कुठून शिरतंय, हे दोन प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. त्यांची उत्तरं मिळाली की अर्धी दुरुस्ती झाली असं समजा.

आधी भेगेचा स्वभाव ओळखा

काँक्रीट वाळताना आकसतं. मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर धरा. त्यातून ते उन्हाने फुगतं आणि गारव्याने आखडतं: ३ मीटर लांबीच्या तुकड्यात ३० अंशांच्या फरकाने जवळपास १ मिलिमीटरची वाढ-घट होते. म्हणून १०० मिमी जाडीच्या कोब्यात दर अडीच-तीन मीटरवर सांधा, म्हणजे मुद्दाम ठेवलेली सरळ खाच, कापायचा असतो. तो कापला नसेल तर काँक्रीट आपल्याला हवा तिथे सांधा पाडून घेतं. अशी भेग दिसायला वाईट, पण घातक नसते.

रुंदी मोजायला उपकरण लागत नाही. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. त्याची तिहेरी घडी भेगेत शिरत नसेल तर भेग ०.३ मिमीच्या आतली आहे. जमिनीवरच्या कोब्यात एवढी बारीक भेग असेल आणि दोन्ही कडा एका पातळीत असतील, तर मी तिला हातही लावणार नाही. फार तर स्वच्छ करून लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं रसायन) मिसळलेली पातळ सिमेंटची स्लरी, म्हणजे लापशी, ब्रशने घासून घ्या.

त्याहून मोठ्या भेगेवर पाळत ठेवायची. दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक फुली मारा आणि त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा. महिन्याभरातल्या दोन मोजण्या म्हणजे काहीच नाही. एक ओला आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या, आणि दर वेळी सकाळीच मोजा, नाहीतर दुपारच्या उन्हाचा हिशोब मध्ये येईल. अंतर ऋतूबरोबर कमी-जास्त होऊन परत मूळपदावर येत असेल तर भेग श्वास घेते आहे. तिला लवचीक सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा माल, लागेल. अंतर जिथल्या तिथे असेल तर कडक माल चालतो. एकाच दिशेने वाढत असेल किंवा एक कड खाली जात असेल, तर जमीन खचते आहे. अशी भेग नुसती बुजवून काही उपयोग नाही.

इथे एक लक्ष्मणरेषा आखून घ्या. कॉलम, बीम, स्लॅबचा खालचा भाग, भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी धावणारी भेग, सळईच्या रेषेत पडलेली आणि तांबूस डाग सोडणारी भेग, किंवा भेगेसोबत दारं-खिडक्या अडकायला लागणं, यांतलं काहीही दिसलं तर थापी खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. वरून लावलेलं प्लास्टर ती पुन्हा फोडणारच. पुढचं सगळं फक्त जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटबद्दल आहे.

न हलणारी भेग भरताना

भेग भरण्याआधी ती मोठी करावी लागते, आणि इथेच बरेच जण कच खातात. नुसत्या फटीत माल आत जात नाही, वर टोपीसारखा बसतो आणि निघून येतो. छिन्नी-हातोड्याने किंवा डायमंड ब्लेडच्या कटरने सुमारे १० ते १२ मिमी रुंद आणि २० ते २५ मिमी खोल खाच करा. खाचेच्या बाजू सरळ उभ्या ठेवा, जमलं तर तळाशी किंचित जास्त रुंद. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच सोपी पडते खरी, पण तिच्यात कडेला मालाचा पातळ थर येतो आणि तोच आधी उचकटतो. कापण्याआधी खालून पाण्याची नळी किंवा केबल जात नाही ना, याची खात्री करा. कापताना पाणी मारत राहा आणि चांगला मास्क लावा, कारण काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते.

तारेच्या ब्रशने खाच घासा, धूळ ओढून किंवा फुंकून काढा, मग पाण्याने धुवा. धूळ राहिली की सगळं मुसळ केरात. काँक्रीट काही तास भिजू द्या, पण माल भरताना खाचेत पाणी साचलेलं नको: आतून ओलं, वरून कोरडं. कोरडं काँक्रीट नव्या मालातलं पाणी शोषून घेतं, साचलेलं पाणी चिकटण्यात आड येतं.

आता एसबीआर लॅटेक्स (बांधकामात वापरतात ते कृत्रिम रबराचं लॅटेक्स) आणि सिमेंटची घट्टसर स्लरी खाचेच्या बाजूंना ब्रशने रगडा. ती ओली आहे तोवरच एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू यांचा माल भरा. माल कालवतानाही पाण्यात लॅटेक्स घाला, प्रमाण डब्यावर दिलेलं असतं. स्लरी वाळली तर ती पकड देण्याऐवजी मधला पापुद्रा होऊन बसते, म्हणून एका वेळी हाताला जेवढं उरकेल तेवढ्याच लांबीवर लावा. माल ओलसर वाळूसारखा घट्ट हवा. थापीच्या टोकाने ठोसून दोन थरांत भरा, वर गुरमाळा फिरवा. हातमोजे घातलेलेच बरे, ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि कातडी भाजते.

हलणारी भेग

इथे माल पॉलियुरेथेन सीलंट. खाच किमान १० मिमी रुंद करा आणि या वेळी ती पूर्ण कोरडी असू द्या. तळाशी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा. ती खाचेच्या रुंदीपेक्षा साधारण पाव पटीने जास्त जाड असावी, म्हणजे घट्ट अडकते. तिच्यामुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं, तळाला नाही. तीन बाजूंनी चिकटलेलं सीलंट ताणलं जात नाही, फाटतं. सीलंटची जाडी खाचेच्या रुंदीच्या निम्मी ठेवा: १२ मिमी रुंदीला ६ मिमी. कडांना मास्किंग टेप लावून गनने भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याने दाबून घ्या आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा. आडव्या कोब्यासाठी आपोआप पसरणारा प्रकार मिळतो, उभ्या भागासाठी न ओघळणारा घ्या.

कोबा खचला असेल तर

हातोड्याच्या दांड्याने कोबा ठोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागा खडूने आखल्या की खाली पोकळी किती पसरली आहे याचा नकाशाच तयार होतो. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून जुनी लेव्हल ट्यूब वापरा, तिच्याइतकं खात्रीचं आणि स्वस्त साधन नाही.

मग पाणी शोधा. घराला लागून असलेला पट्टा सगळ्यात आधी खचतो, कारण पायासाठी खणलेला चर नंतर मातीने भरलेला असतो आणि ती माती थराथराने ठोकलेली नसते. तिच्यात छपराच्या पाइपचं पाणी पडत राहिलं की भराव बसत जातो किंवा वाहून जातो. गळकी नळी, तुंबलेलं गटार, घराकडे झुकलेला उतार आणि ओली-कोरडी होताना फुगणारी-आकसणारी काळी चिकणमाती हीसुद्धा नेहमीची कारणं. पाइपचं तोंड लांब न्या, गळती थांबवा. त्याशिवाय पुढचं काम सुरूच करू नका.

खचलेल्या भागावर नवा थर ओतून पातळी आणायचा मोह होतो. तो टाळा. ५० मिमी जाडीचा थर दर चौरस मीटरला १२० किलो वजन घालतो. २ बाय ३ मीटरच्या तुकड्यावर हे ७२० किलो झाले, तेही खाली बसत चाललेल्या मातीवर. बसायचं थांबलेलं आहे, ठोकल्यावर आवाज टणक येतो आणि फरक थोडाच आहे, अशा ठिकाणी पॉलिमर मॉर्टरचा, म्हणजे लॅटेक्ससारखं रसायन घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाचा, थर चालतो, पण जुना पृष्ठभाग छिन्नीने खडबडीत करून आणि वर सांगितलेली स्लरी लावूनच. दोन तुकड्यांच्या सांध्यावर पाय अडखळण्याइतकीच उंची असेल तर वरची कड ग्राइंडरने उतरती घासून टाका. दिसायला विशेष नाही, पण काम होतं.

मोठा आणि अखंड कोबा उचलायचा असेल तर त्याला भोकं पाडून खालून सिमेंट-मातीची स्लरी किंवा फुगणारा पॉलियुरेथेन फोम दाबाने भरतात. हे पंप आणि अनुभव असलेल्यांचं काम. दाब जरा जास्त झाला की कोबा उलट फुटतो. घरच्या घरी उचलण्यासारखा तुकडा म्हणजे ६० सेंटिमीटर चौरसाचा, तोही १०० मिमी जाडीला सुमारे ८६ किलो भरतो. दोन माणसं आणि पहार हवी. खाली मुरूम किंवा खडीची भुकटी ठोकून तो परत बसवता येतो.

तुकडा फोडून नव्याने ओतणे

तीन-चार तुकडे झालेल्या कोब्याला हाच उपाय. कटरने सरळ रेषेत कापून मगच फोडा, वेड्यावाकड्या कडेला नवा सांधा नीट बसत नाही. खालची मऊ माती लागेल तितकी काढा. भराव १५० मिमीपेक्षा जाड थरात टाकू नका, आणि प्रत्येक थर धुम्मसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोका. भरावाचा ओलावा मुठीत बघा: गोळा वळला पाहिजे आणि दाबल्यावर दोन तुकडे झाले पाहिजेत. चुरा होत असेल तर पाणी शिंपडा, हाताला चिखल लागत असेल तर थांबा.

भिंतीलगत १२ मिमी जाडीची फोमची पट्टी उभी लावा. कोबा भिंतीला जखडला की खचताना भिंतीचं प्लास्टर ओढतो. दोरी घराबाहेरच्या दिशेने मीटरमागे २० मिमी उतार देऊन बांधा. काँक्रीट एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. ५० किलोच्या गोणीला पाणी २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नका, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरा. पातळ माल पसरायला सोपा म्हणून मिस्त्री हटकून जास्त पाणी मागेल. देऊ नका, आकसून पडणाऱ्या भेगा तिथूनच सुरू होतात.

पट्टीने सपाट केल्यावर वर पाणी सुटतं. ते उडून जाईपर्यंत गुरमाळ्याला हात लावू नका आणि ते शोषायला कोरडं सिमेंट तर अजिबात भुरभुरू नका, वरची साल पुढे पापुद्र्यांनी निघते. मग लाकडी गुरमाळ्याने थोडा खरखरीत पृष्ठभाग ठेवा, गुळगुळीत कोब्यावर पावसात पाय घसरतो. तुकडा ३ मीटरपेक्षा लांब असेल तर दुसऱ्या दिवसाच्या आत जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका खोल सांधा कापा.

पृष्ठभाग कडक झाला की ओलं गोणपाट अंथरा आणि किमान ७ दिवस ते सुकू देऊ नका. काँक्रीट असं सतत ओलं ठेवणं म्हणजे क्युरिंग; दिवसातून दोनदा पाणी मारून मध्ये कोरडं पडू देणं म्हणजे क्युरिंग नव्हे. ७ दिवसांत काँक्रीटला साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, तेव्हा चालायला हरकत नाही, पण जड वाहनासाठी २८ दिवस थांबा. त्यानंतर काँक्रीट चांगलं कोरडं झालं की भिंतीलगतच्या फोमच्या पट्टीचा वरचा ६-७ मिमी भाग कापून काढा आणि ती फट सीलंटने भरून घ्या. छपराचं आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी पहिल्यांदा तिथेच येतं.