बाबासाहेबांच्या बालपणावर लेख कसा लिहावा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणावर लिहिताना १४ एप्रिल १८९१, महू आणि वडील सुभेदार रामजी सकपाळ हा तपशील एका वाक्यात आटोपून थेट साताऱ्याला यावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत ‘भिवा’ या नावाने झालेला प्रवेश, घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे आणि शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी न मिळणे, हे प्रसंग सावकाश, विशेषणांविना मांडावेत. विशेषणांनी त्यांची धार बोथट होते, असे मला वाटते. मसूर स्थानकावरून गोरेगावकडे बैलगाडीने केलेला, तहानेने कासावीस करणारा प्रवास वगळू नये. १९०७च्या मॅट्रिकनंतर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी भेट दिलेल्या बुद्धचरित्रापाशी लेख थांबवावा.